कामावर जाता-येता चालायचंय? सुरुवात परतीच्या वाटेनं करा

“उद्यापासून ऑफिसला चालत जाणार” असं जाहीर करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली बरीचशी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दारातून गाडीत आणि गाडीतून दारात उतरतानाही पाहिली आहेत. का सोडलं विचारलं की उत्तरं ठरलेली: वेळ पुरत नाही, घाम येतो, पाय दुखतात. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या उगवतात सुरुवात चुकल्यामुळे. पहिल्याच सोमवारी, सकाळच्या घाईत, कोरे बूट चढवून, एकदम सगळं अंतर! मग नव्याचे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत. पहिल्या खेपेला मीही नेमकं हेच केलं होतं आणि चौथ्या दिवशी टाचेला फोड घेऊन घरी बसलो होतो.

चालणं चांगलं, हे आता कुणाला पटवावं लागत नाही. घोडं अडतं ते कुठून चालायचं, किती चालायचं आणि आधी काय करायचं यावर. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: आपल्याला किती हवंय ते आधी ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल हवी. पूर्वी त्यात एक अट होती, की हालचाल एका वेळी सलग निदान १० मिनिटं झाली तरच धरायची. २०२० मध्ये ती अट गेली. प्रवासात चालणाऱ्याच्या हे चांगलंच पथ्यावर पडलं, कारण थांब्यापर्यंतची ७ मिनिटं आणि उतरल्यानंतरची ८ मिनिटं आता बिनदिक्कत बेरजेत घेता येतात.

हिशोब सोपा आहे. आठवड्याचे ५ दिवस, जाताना १५ मिनिटं, येताना १५ मिनिटं, झाली १५०. भराभर चालणारा माणूस १५ मिनिटांत साधारण सव्वा किलोमीटर कापतो. म्हणजे दोन्ही वेळचं मिळून अडीच किलोमीटर प्रवासात बसवता आलं की किमान गरज भागली. सुट्टीच्या दिवशी वेगळं काही करण्याची सक्ती उरत नाही.

१०,००० पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्याहून बऱ्याच कमी पावलांतही तब्येतीला फायदा होतो. दिवसाला ४,००० पावलं चालणाऱ्याने ६,००० केली तर त्याला मिळणारा लाभ मोठा असतो. आधीच भरपूर चालणाऱ्याला आणखी दोन हजारांचं तेवढं अप्रूप नाही.

मिळणार काय, तेही नीट समजून घ्या, म्हणजे महिनाभराने हिरमोड होत नाही. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी असा व्यायाम नियमित केला तर वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता उचलतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी कमी होते. झोप आणि मनःस्थिती यांतला फरक बहुतेकांना सगळ्यात आधी जाणवतो. वजनाचं मात्र वेगळं आहे. ७० किलोचा माणूस अर्धा तास भराभर चालला तर बसून राहण्यापेक्षा जेमतेम शंभरेक कॅलरी जास्त खर्च होतात. खाणं आहे तसंच ठेवून केवळ चालण्याने पोट उतरेल या आशेवर असाल तर तुमचा उत्साह वजनकाट्यावर मरेल.

*इशारा:* हृदयविकार, छातीत दुखण्याचा किंवा चक्कर येऊन पडण्याचा इतिहास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे बधिर झालेले तळवे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गुंतागुंतीचं गरोदरपण यांपैकी काही असेल तर पुढचा टप्पा डॉक्टरांशी बोलल्यावरच. आणि रक्तदाब उतरू लागला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

टप्पा २: चालण्याचा तुकडा निवडा, तोही परतीचा

बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सकाळच्या प्रवासाला शेवट असतो: अमुक वाजता पोचायचंच. गाडी चुकली, फाटक बंद मिळालं, रस्ता खोदलेला निघाला, की ती दहा मिनिटं भरून काढायला पहिला बळी चालण्याचा जातो. शिवाय पोचल्यावर चारचौघांत बसायचं असतं, त्यामुळे घामाची धास्ती. संध्याकाळी यातलं काहीच नसतं. घरी वीस मिनिटं उशिरा पोचलात तर कुणी हजेरी मांडत नाही, घाम आला तरी समोर स्वतःचंच न्हाणीघर आहे. म्हणून पहिला महिना फक्त परतीची वाट चाला. घरी पोचताच लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळायचं असेल तर मात्र उलट करा. आपल्या दिवसाची कुठली बाजू सैल आहे हे बघणं महत्त्वाचं.

आता तुकडा कुठला? तीन पर्याय असतात.

पहिला, घराकडचं टोक. बस किंवा रेल्वेने येत असाल तर एक-दोन थांबे आधी उतरून उरलेलं अंतर चालायचं. नवख्यासाठी मी हाच सुचवेन, कारण एकदा उतरलात की घरी जायला चालण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. मन बदलायला वावच मिळत नाही.

दुसरा, कामाकडचं टोक. ऑफिसातून निघून पुढच्या थांब्यापर्यंत चालायचं आणि तिथून बस पकडायची. दिवसभर बसून आखडलेल्या अंगाला हे फार बरं वाटतं, पण यात एक खोच आहे: चालताना बाजूने रिकामी बस आली की संयम सुटतो. माझा तरी सुटतो.

तिसरा, गाडी मुद्दाम लांब लावणं. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांना हाच मार्ग. ऑफिसपासून दहा-बारा मिनिटांवर गाडी लावायला सुरक्षित, परवानगीची जागा आधी शोधून ठेवा. रोज नवी जागा शोधत फिरावं लागलं तर आठवड्याभरात कंटाळा येतो. या पर्यायात दोन्ही वेळा चालणं आपोआप होतं, म्हणून सुरुवातीला अंतर निम्मंच ठेवा.

सगळं अंतर चालण्याजोगं असेल, समजा दोन-अडीच किलोमीटर, तरी पहिल्या दिवशी सगळं चालू नका. अर्धं चाला, अर्धं नेहमीच्या वाहनाने.

*तपासणी:* निवडलेला तुकडा तुमच्या साध्या चालीने १० ते १२ मिनिटांत संपतो का? जास्त लागत असेल तर तुकडा छोटा करा. सुरुवातीला “एवढंच?” असं वाटायला हवं.

टप्पा ३: सुट्टीच्या दिवशी रंगीत तालीम

निवडलेली वाट एकदा रिकाम्या हाताने चालून या. फोनवरच्या नकाशाला रस्ता ओलांडायला ताटकळावं लागत नाही, त्यामुळे त्याने सांगितलेल्या वेळेवर विसंबून गाडीचं गणित मांडू नका. स्वतः घड्याळ लावा आणि जो वेळ निघेल त्यात पाच मिनिटं वर धरा.

चालताना चार गोष्टी बघून ठेवा: फूटपाथ कुठे तुटतो, मोठा रस्ता नेमका कुठे ओलांडायचा, अंधारात दिवे कुठे नाहीत आणि अचानक पाऊस आला किंवा पाय मुरगळला तर आडोसा कुठे मिळेल. सुट्टीला मोकळा दिसणारा रस्ता कामाच्या दिवशी सहा वाजता वेगळाच असू शकतो, म्हणून पहिल्या खऱ्या दिवशी पुन्हा डोळे उघडे ठेवा.

मुख्य रस्त्याला समांतर गल्ली असेल तर पाच मिनिटं जास्त लागली तरी ती पकडा. वाहनांचा धूर रस्त्यापासून जसजसं लांब जावं तसतसा झपाट्याने विरळ होतो; एका गल्लीचं अंतरही पुरेसा फरक पाडतं. धूर सर्वांत दाट असतो सिग्नलच्या चौकात, कारण गाड्या तिथेच उभ्या राहतात आणि तिथूनच जोर लावून निघतात. चौकात अगदी कडेला उभं राहण्यापेक्षा चार पावलं मागे थांबा.

फूटपाथच नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील त्या बाजूने चाला. पाठीमागून येणाऱ्या वाहनाचा अंदाज कानाने येत नाही, आणि कानात गाणी चालू असतील तर मुळीच येत नाही.

टप्पा ४: बूट, मोजे, पिशवी

खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा. पावलं मोजणारं घड्याळ नंतरही घेता येईल.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. सकाळी बरोबर बसणारा बूट संध्याकाळी चावतो. ज्या मोज्यांत चालणार तेच घालून दुकानात जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. चवड्याशी बूट वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. टाच आत वर-खाली सरकत असेल तर तो बूट कितीही आवडला तरी परत ठेवा. “वापरून सैल होईल” किंवा “वापरून बसेल” यावर विश्वास ठेवू नका, कारण तोवर पायाची सालं निघालेली असतात.

नवे बूट घरात दोन-तीन दिवस थोडे थोडे वापरून मगच रस्त्यावर काढा. टाच जराशी सरकतच असेल तर नाडीसाठी वरच्या बाजूला जे एक जादा भोक असतं त्याचा उपयोग करा. ते शोभेला दिलेलं नसतं. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाचा आतला मऊपणा बसतो. रोज अडीच किलोमीटर, आठवड्याला पाच दिवस चालणाऱ्याला हा पल्ला गाठायला नऊ महिने ते सव्वा वर्ष लागतं. वरून बूट चकाचक दिसतो आणि टाच मात्र दुखू लागते, तेव्हा बूट उलटा करून तळ एका बाजूने झिजलाय का ते बघा.

मोजे निव्वळ सुती नसावेत. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतो. घाम बाहेर सोडणारे, धाग्यांची जाड शिवण बोटांवर न येणारे मोजे घ्या. मधुमेह असेल तर रोज घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहायच्या. तळवा दिसत नसेल तर आरसा वापरा. तिथे जखम दुखेलच असं नाही.

पिशवी दोन पट्ट्यांची, दोन्ही खांद्यांवर, पाठीला चिकटलेली. वजन आपल्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा. घरी एकदा पिशवी काट्यावर ठेवून बघा. मी ठेवली तेव्हा तिच्यात दोन जुनी चार्जरं, एक फुटकी छत्री आणि मागच्या वर्षीची डायरी निघाली. चपला किंवा ऑफिसचे बूट कामाच्या जागीच ठेवता आले तर ओझं निम्मं होतं.

*तपासणी:* बूट-मोजे घालून, भरलेली पिशवी घेऊन दहा मिनिटं चाला. कुठेही चुरचुरलं तर तिथे फोड येणार हे नक्की समजा. घरीच दुरुस्ती करा.

टप्पा ५: पहिले सहा आठवडे

एक गोष्ट लक्षात ठेवा: दम आधी सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धाप लागेनाशी होते, माणूस खुशीत अंतर दुप्पट करतो आणि चौथ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. अंगात ताकद आहे असं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त चालायचं नाही, हीच या सहा आठवड्यांतली खरी कसोटी.

१. पहिला आठवडा: एक दिवस आड, तीन दिवस, फक्त परतीची १० मिनिटं, आपल्या नेहमीच्या चालीने.

२. दुसरा आठवडा: तेच तीन दिवस, १५ मिनिटं.

३. तिसरा आठवडा: चार दिवस, १५ मिनिटं, त्यातली मधली ५ भराभर.

४. चौथा आठवडा: पाच दिवस, १५ मिनिटं, मधली १० भराभर.

५. पाचवा आठवडा: परतीचं तसंच, शिवाय दोन दिवस सकाळची १० मिनिटं.

६. सहावा आठवडा: सकाळची तीन-चार दिवस, १० ते १५ मिनिटं.

एखादा आठवडा जड गेला तर पुढे न जाता तोच पुन्हा करा. साठीच्या पुढचे, बरंच वजन असलेले किंवा वर्षानुवर्षं न चाललेले लोक प्रत्येक पायरीला दोन आठवडे देऊ शकतात. त्याने काही बिघडत नाही.

*इशारा:* बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरून काढायचा नाही. तो गेला. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खाली उतरून सुरू करा.

टप्पा ६: चाल नीट करा

रमतगमत चालणं मनाला छान असतं, पण ते त्या १५० मिनिटांत धरायचं नाही. मध्यम जोर ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण तोंडात आहे: चालताना पूर्ण वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येतंय तर वेग कमी आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर जास्त आहे. आकडाच हवा असेल तर १५ सेकंदांत पडणारी पावलं मोजा. २५ च्या आसपास, म्हणजे मिनिटाला १००, हा मध्यम जोराचा ढोबळ उंबरठा आहे. उंची आणि वयाप्रमाणे तो थोडा मागेपुढे होतो, तेव्हा वाद झाला तर बोलण्याची खूण खरी मानायची.

वेग वाढवताना लोक ढांगा लांब टाकतात. पाय शरीराच्या बराच पुढे, टाचेवर धाडकन पडतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि नडगीच्या पुढचा स्नायू बिचारा तो ब्रेक सोसत राहतो. ढांग आहे तेवढीच, किंबहुना किंचित आखूड ठेवा आणि पावलं पटापट टाका. टाच अलगद टेकून पाऊल पुढे लोळवायचं आणि चवड्याने मागे रेटायचं. कोपर वाकवून हात मागे-पुढे हलवा. हात जलद झाले की पाय आपसूक जलद होतात. नजर दहा-पंधरा पावलं पुढे.

फोन खिशात. पडद्यात बघत चालणाऱ्याची मान झुकते, पावलं आखूड आणि वाकडी पडतात, वेग मंदावतो आणि खड्डा दिसत नाही. फोन घ्यायचाच तर कडेला थांबून घ्या.

पहिली दोन-तीन मिनिटं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं सावकाश चाला. शेवटची मंद मिनिटं बहुतेक जण गाळतात, आणि सकाळी घामाने जे हाल होतात त्यात याचा मोठा वाटा असतो.

टप्पा ७: सकाळची बाजू आणि घामाचा बंदोबस्त

पाचव्या आठवड्यात सकाळचं चालणं जोडताना घरातून १५ मिनिटं आधी निघा, १० मिनिटं नाही. ती जादा ५ मिनिटं पोचल्यावर लागतात.

गंमत अशी, की घाम सगळ्यात जास्त जाणवतो तो चालणं थांबल्यावर. आत साठलेली उष्णता शरीराला अजून बाहेर टाकायची असते आणि चालताना अंगावरून जाणारा वारा मात्र थांबलेला असतो. पोचल्या पोचल्या शर्ट बदलणारा माणूस पाच मिनिटांत दुसरा शर्टही ओला करून बसतो. क्रम असा ठेवा: शेवटची तीन मिनिटं मंद चाल, मग मोकळ्या हवेत किंवा पंख्याखाली पाच ते दहा मिनिटं, मग तोंड-मान-काखा ओल्या रुमालाने पुसणं आणि सर्वांत शेवटी कपडा बदलणं. चालताना पाठीवरची पिशवी पाठ भिजवते. हलका सदरा अंगात आणि कामाचा पिशवीत घडी करून, हा सोपा तोडगा.

थंडीत निघताना थोडीशी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले, सातव्या मिनिटाला ते हातात घेऊन चालावं लागेल.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सकाळची फेरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. खिशात १५ ग्रॅम साखर भरेल असं काहीतरी गोड ठेवा. हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं सैरभैर होणं अशी लक्षणं दिसली तर थांबा, गोड खा, १५ मिनिटांनी साखर तपासा आणि ती ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच गोड खा.

टप्पा ८: हवा वाईट असेल तेव्हाची पळवाट आधीच ठरवा

चालणं बंद पडण्याचं मोठं कारण म्हणजे “सगळं किंवा काहीच नाही” हा हट्ट. प्रत्येक वाटेची एक छोटी आवृत्ती तयार ठेवा: दोन थांब्यांऐवजी एक, पंधरा मिनिटांऐवजी सहा. पावसात, उशीर झाल्यावर, थकल्यावर ती वापरायची. सहा मिनिटंही बेरजेत जातात, हे पहिल्या टप्प्यात पाहिलंच.

*ऊन:* शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून ऋतू बदलताच पहिल्या कडक उन्हात जोर कमी करा. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तिथे तापमापकावरच्या आकड्यापेक्षा त्रास जास्त होतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली तर सावलीत बसा, पाणी प्या आणि पुढे वाहनाने जा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा: लगेच वैद्यकीय मदत बोलवा आणि तोवर अंगावर पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करा.

*पाऊस:* मोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत कायम असू द्या. ओल्या मोज्यांत चाललेली दहा मिनिटं आठवड्याचं चालणं बुडवू शकतात. भिजलेल्या बुटात कागदाचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवा. शेगडी-हीटरजवळ ठेवले तर तळाचा डिंक सुटतो.

*धूर:* हवा खूप खराब असल्याचा इशारा असेल त्या दिवशी चाल मंद करा किंवा छोटी वाट घ्या, कारण जोरात चालताना आपण कितीतरी जास्त हवा आत ओढतो. कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटला तरच. दमा असेल तर इनहेलर पिशवीच्या तळाशी नको, खिशात हवा.

*अंधार:* फिकट कपडे आणि प्रकाश परतवणारी पट्टी. ती घोट्यांवर बांधली तर चांगली, कारण हलणारी पट्टी चालकाला चटकन माणूस म्हणून ओळखू येते.

टप्पा ९: कुठलं दुखणं सोसायचं, कुठलं नाही

दोन्ही पोटऱ्या आणि मांड्या सारख्याच जड होणं, दुसऱ्या दिवशी थोडं आखडणं हे चालायचंच. बाकीच्यांची ओळख अशी:

सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेखाली कळ येते आणि नंतर कमी होते: तळव्याचा पट्टा दुखावलाय. अंतर निम्मं करा, बूट तपासा, पोटरी ताणण्याचे व्यायाम करा. घरात अनवाणी फिरणं काही दिवस टाळा.

नडगीच्या कडेने लांबवर दुखतं: ढांग लांब पडतेय किंवा अंतर लवकर वाढवलंय. पण हाडावर एकाच बिंदूला बोट लावल्यावर कळ येते, बसल्या जागी किंवा रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. चालणं बंद आणि डॉक्टर.

दर वेळी साधारण तेवढंच अंतर गेल्यावर पोटरी आवळते आणि उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत सुटते: याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही ठळक खूण आहे, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेह्यांत.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखरेपणा: शिरेत गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

*इशारा:* छातीवर दाब, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप. जागच्या जागी थांबा, बसा, तातडीची मदत बोलवा. “आता घर जवळच आहे” म्हणून पुढे चालायचं नाही.

टप्पा १०: मोजा, पण रोज नाही

फोनमधली पावलं ऑफिसातल्या कॅन्टीनच्या फेऱ्याही मोजतात, त्यामुळे त्यावरून प्रवासातल्या चालण्याचं काही कळत नाही. त्यापेक्षा कॅलेंडरवर रोज भराभर चाललेली मिनिटं लिहा आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. त्यात बसस्टॉपवर येरझाऱ्या घालणं धरायचं नाही. मला तो मोह अजूनही होतो.

दर पंधरा दिवसांनी वाटेतले दोन ठळक खांब धरून तेच अंतर किती मिनिटांत जातं ते बघा. त्याच श्रमात वेळ कमी लागू लागला, पुलाचे जिने चढल्यावर बोलणं तुटेनासं झालं, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी थोडी मंद झाली, तर गाडी रुळावर आहे. रक्तदाब मोजत असाल तर घरी पोचल्या पोचल्या नको. चालून आल्यावर काही काळ तो एरवीपेक्षा वेगळा दिसतो. रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा.

सहा-आठ आठवड्यांनी तीच वाट सोपी वाटायला लागेल. तेव्हा अंतर वाढवण्याआधी वाटेतला चढ किंवा पादचारी पुलाचे जिने जोडा, कारण वेळ तेवढाच राहून जोर वाढतो. आणि एक गोष्ट चालण्याने भागत नाही: त्याच २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायामही सांगितले आहेत. खुर्चीतून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून रेटणं एवढ्यापासून सुरुवात करता येते. परतीच्या वाटेने घरी आल्यावर, बूट काढायच्या आधी, पाच मिनिटांत होतं.